कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टवर घरी बांधलेला सिरियल इंटरफेस: अक्षरे जातात, पण येत नाहीत

प्रश्न

नमस्कार. माझ्या कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावरील बेसिक प्रोग्रॅम आजच्या संगणकावर उतरवून जपून ठेवावेत, या हेतूने यूजर पोर्टला जोडायचा सिरियल इंटरफेस मी मॅक्स२३२ या सिग्नलची व्होल्टेज पातळी बदलणाऱ्या चिपवर स्वतः बांधला आहे. चिपभोवती १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर आहेत, ५ व्होल्ट पोर्टच्या पिन २ वरून व ग्राउंड पिन १ वरून घेतले आहे, पाठवण्याची तार पोर्टच्या पिन एमपासून चिपच्या पिन ११ ला, तर स्वीकारण्याची तार चिपच्या पिन १२ पासून पोर्टच्या पिन सीला जोडली आहे. १२०० बॉडवर (सेकंदाला १२०० बिट) बेसिकच्या प्रिंट# या आज्ञेने पाठवलेला मजकूर पलीकडे पोचतो, मात्र त्यात लहान आणि मोठ्या अक्षरांची अदलाबदल झालेली असते.

उलट दिशेने मात्र काहीही येत नाही. पलीकडून मजकूर पाठवत असताना पिन सीवरील ५ व्होल्टचे माप हलताना मल्टिमीटरवर स्पष्ट दिसते, म्हणजे सिग्नल पोर्टपर्यंत पोचतो आहे. तरीही अक्षर वाचणारी गेट# ही आज्ञा दर वेळी रिकामी स्ट्रिंग देते आणि एसटी या स्थिती सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ८ मिळतो. याशिवाय, ओपन ही आज्ञा चालली की तिच्या आधी भरलेले सगळे व्हेरिएबल रिकामे होतात. चिप बदलून पाहिली, तारा पुन्हा सोल्डर केल्या, पण फरक पडला नाही. संगणकातली पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप तर निकामी झाली नसेल ना, ही मोठी धास्ती आहे.

पहिले उत्तर

सीआयए निकामी झाली असे मानायला आपल्या वर्णनात काहीही आधार नाही. पोर्टच्या पिन बी आणि पिन सी एकमेकींना जोडा. आपल्या जोडणीत उणीव आहे ती एवढ्या एका तारेची.

कमोडोर ६४ मध्ये सिरियल संदेशासाठी वेगळी चिपच नाही. एकेक बिट मोजण्याचे आणि अक्षर जुळवण्याचे सगळे काम कर्नल रॉममधील (संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीतील) प्रोग्रॅम दोनपैकी दुसऱ्या ६५२६ सीआयएच्या टायमरवर करतो. आता, येणारे अक्षर नेमके केव्हा सुरू होते हे त्याला कोण सांगणार? स्तब्ध असताना ही रेषा ५ व्होल्टवर असते आणि अक्षराचा स्टार्ट बिट येताच ती शून्यावर उतरते. हे उतरणे ओळखून इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारी हाक) देण्याची सोय फक्त फ्लॅग२ या पायाला आहे, आणि तो पाया पोर्टवर पिन बी म्हणून बाहेर येतो. पिन सी म्हणजे पीबी०, सीआयएचा एक साधा पाया. तिच्यावरची पातळी वाचता येते, पण ती आपण होऊन प्रोसेसरला हाक मारत नाही. एकदा पिन बीने वर्दी दिली की टायमर सुरू होतो आणि मग ठरलेल्या अंतराने पिन सी वाचून आठ बिट गोळा केले जातात. आपल्या जोडणीत बिट दारापर्यंत आले होते, पण वर्दी देणारे कोणी नव्हते. एसटीमधला ८ हेच सांगतो, की स्वीकाराचा बफर रिकामा आहे.

व्हेरिएबल पुसले जाणे हाही बिघाड नाही. उपकरण क्रमांक २, म्हणजे सिरियल पोर्ट, उघडताना कर्नल बेसिकच्या स्मृतीच्या वरच्या टोकाला येणाऱ्या आणि जाणाऱ्या अक्षरांसाठी २५६ बाइटचे दोन बफर राखून ठेवते आणि त्या ओघात व्हेरिएबल साफ करते. म्हणून ओपन ही प्रोग्रॅमची पहिली ओळ असावी.

दुसरे उत्तर

वरील निदान बरोबर आहे. त्यात सुरक्षिततेची भर घालतो, कारण या संगणकांमधल्या ६५२६ चिप आता बनत नाहीत आणि पोर्टच्या या रेषा मधे कोणतेही संरक्षण नसताना थेट त्या चिपच्या पायांना भिडतात.

पिन १० आणि ११ वर ९ व्होल्टचा एसी प्रवाह असतो. कनेक्टर उलटा बसला, तर संगणकाच्या याच दोन पिना आपल्या कनेक्टरच्या सी आणि बी या संपर्कांना टेकतात, म्हणजे पहिल्या उत्तरात जोडायला सांगितलेल्या त्याच दोन जागांना. तेव्हा हा एसी प्रवाह मॅक्स२३२ च्या आउटपुटमध्ये तर शिरेलच, शिवाय दोन्ही पिना एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एसी पुरवठ्याचे शॉर्ट सर्किट होईल. कनेक्टरच्या खाचेत अडसराचे तुकडे घट्ट बसवा, ‘वरची बाजू’ असे ठळक लिहा, आणि संगणक बंद असल्याशिवाय कनेक्टर घालू किंवा काढू नका.

पिन २ वरून जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर घेण्यास परवानगी आहे आणि मॅक्स२३२ ला त्याचा अगदी छोटा हिस्सा पुरतो, त्यामुळे ती बाजू ठीक आहे. चिपच्या पिन ६ वरचा कपॅसिटर मात्र पुन्हा तपासा. तिथे ऋण व्होल्टेज तयार होते, म्हणून त्याचे धन टोक ग्राउंडला जायला हवे, आणि नेमके तेच सवयीने उलटे लागते. स्तब्ध अवस्थेत चिपच्या पिन १४ वर साधारण उणे ८ व्होल्ट मिळाले की निर्धास्त व्हा.

प्रश्नकर्ता

बी आणि सी जोडल्याबरोबर अक्षरे येऊ लागली. पिन ६ वरचा कपॅसिटर योग्य दिशेनेच होता. दोघांचेही मनापासून आभार. मात्र २४०० बॉडवर, दोन्हीकडून एकाच वेळी मजकूर चालू असला, की अक्षरे बिघडतात. आणि लहान-मोठ्या अक्षरांचे काय करावे?

पहिले उत्तर देणारा

अक्षरांचा घोळ पेटस्कीमुळे, म्हणजे कमोडोरच्या स्वतःच्या अक्षर-कोडांमुळे होतो. जाणाऱ्या अक्षराचा कोड ६५ ते ९० मध्ये असेल तर त्यात ३२ मिळवा, १९३ ते २१८ मध्ये असेल तर त्यातून १२८ वजा करा. हा संगणक ओळीच्या शेवटी फक्त १३ पाठवतो, त्यामुळे पलीकडे ओळी एकमेकींवर छापल्या जात असतील तर १० हा कोड स्वतः जोडावा लागेल.

वेगाची अडचण अधिक खोलवरची आहे. पाल या टीव्ही पद्धतीच्या संगणकात सेकंदाला सुमारे ९,८५,००० चक्रे होतात, म्हणजे २४०० बॉडवर एका बिटासाठी जेमतेम ४१० चक्रे हाती येतात. दोन्ही दिशा चालू असल्या तर तेवढ्यातच दोन इंटरप्ट हाताळायचे, आणि प्रत्येकाला शंभराहून अधिक चक्रे लागतात. त्यातच दृश्य भागाच्या दर आठव्या ओळीवर चित्रचिप प्रोसेसरला ४० हून अधिक चक्रे थांबवून ठेवते. कर्नलवर विसंबायचे असेल तर १२०० वर थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

९६०० बॉड मात्र याच यंत्रावर शक्य आहे. त्यासाठी पिन ७ ही बी-सीच्या जोडीला, पिन ५ ही पिन एमला आणि पिन ६ ही पिन एलला जोडतात, म्हणजे दोन्ही सीआयएंमधील शिफ्ट रजिस्टर (आठ बिट आपोआप सरकवणारे भाग) वापरता येतात आणि दर बिटाला इंटरप्ट घ्यावा लागत नाही. कर्नलला या पिनांची ओळख नाही, त्यामुळे ही जोडणी, म्हणजे यूपी९६०० पद्धत, जाणणारा टर्मिनल प्रोग्रॅम लागेल. या तीन तारा आताच सोल्डर करून ठेवल्या, तरी आपले १२०० बॉडचे काम पूर्वीसारखेच चालत राहील.