संकेतस्थळाच्या पानांना शीर्षके कशी द्यावीत?

दुर्गवाट:
सह्याद्रीतील किल्ल्यांची माहिती देणारे मराठी संकेतस्थळ आम्ही काही मित्र चालवतो. प्रत्येक पानाचे शीर्षक संकेतस्थळाच्या नावाने सुरू होते आणि पुढे ‘माहिती’ किंवा ‘छायाचित्रे’ एवढेच येते. त्यामुळे ब्राउझरमध्ये अनेक टॅब उघडले की कोणते पान कोणत्या किल्ल्याचे, हे कळत नाही. शीर्षक किती लांब असावे आणि ते रोमन लिपीत द्यावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अक्षरजुळणी:
सर्वप्रथम क्रम उलटा करावा. टॅबवर सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, म्हणून किल्ल्याचे नाव आधी आणि संकेतस्थळाचे शेवटी यावे. मात्र नुसते नाव पुरत नाही. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, त्यामुळे ‘रायगड: माहिती’ हे पान किल्ल्याचे की जिल्ह्याचे, असा प्रश्न शोधणाऱ्याला पडणारच. ‘रायगड किल्ला: पायऱ्यांची वाट, रोपवे आणि पाहण्याची ठिकाणे’ असे लिहिल्यास पान उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते समजते. पाने बहुधा संदर्भ सोडून वाचली जातात, म्हणून नुसते ‘ओळख’ न लिहिता ‘मध्ययुगीन मधमाशीपालनाची ओळख’ असे लिहावे, हे एचटीएमएल ४.०१ च्या (वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या एका आवृत्तीच्या) नियमावलीत १९९९ मध्येच सांगितलेले आहे.

लांबीची फार चिंता करू नये. गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. शोधनिकालात शीर्षक उपलब्ध रुंदीनुसार कापले जाते. शिवाय ‘क्षि’ हे आपल्यासाठी एक अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ती चार चिन्हे असतात, म्हणून अक्षरे मोजणारी साधने मराठी शीर्षकाला विनाकारण लांब ठरवतात.

सुलभवाचन:
लिपीविषयी: मजकूर देवनागरीत असेल, तर शीर्षकही देवनागरीतच असावे. गूगलचे मार्गदर्शन हेच सांगते, आणि लिपी जुळली नाही तर निकालात गूगल स्वतःच दुसरे शीर्षक दाखवू शकते. ‘रायगड, रायगड किल्ला, रायगड ट्रेक’ अशी शब्दांची रासही टाळावी. दृष्टिहीन वाचकांचा विचार तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्क्रीन रीडर पान उघडताच आधी शीर्षक वाचून दाखवतो.

दुर्गवाट:
मनःपूर्वक आभार. एकाच किल्ल्याच्या छायाचित्रांची अनेक पाने असतील, तर काय करावे?

अक्षरजुळणी:
प्रत्येक पानावर काय आहे, ते लिहावे: ‘रायगड किल्ला: महादरवाज्याची छायाचित्रे’, ‘रायगड किल्ला: बाजारपेठेची छायाचित्रे’. तशी विभागणी नसेल, तर शीर्षकात निदान पानाचा क्रमांक द्यावा.