गुडघ्याखाली पाय काढल्यावर रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर पुन्हा कामावर जाऊ शकतो का?

मीनल_क
धाकटा भाऊ बीएएमएस, वय ३१. चार वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर होता, कंत्राटी. ड्युटीवरच अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पाच महिने झाले. जखम भरली आहे, पहिला कृत्रिम पाय लावून काठीशिवाय चालतो. कंपनीकडून तोंडी निरोप आहे, "राजीनामा द्या, हिशोब करून टाकू." त्याला हे क्षेत्र सोडायचं नाही. गाडीवर परत जाता येईल, की कंट्रोल रूमचं बघावं?

सॉकेट_आणि_पट्टा
ताई, जाता येतं, पण निर्णय पाचव्या महिन्यात नको. स्टंप (पायाचा उरलेला भाग) पहिलं वर्षभर आटत राहतो. आज घट्ट बसणारं सॉकेट (कृत्रिम पायाची ज्यात स्टंप बसतो ती वाटी) दोन महिन्यांनी सैल होतं, स्टंप आत खाली घसरतो आणि नडगीच्या टोकाशी कातडी सोलते. म्हणून महागडा पाय आत्ता घेऊ नका. दिवसभरातही फरक पडतो: सकाळी स्टंपवर एक प्लायचा (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मोजा पुरतो, दुपारी तीन लागतात. मोजे दहा प्लायच्या आसपास चढवावे लागले, तर सॉकेट बदलायला झालं समजा. कृत्रिम पाय उतरवल्यावर स्टंपवर दिसणारा लाल डाग १०-१५ मिनिटांत गेला पाहिजे. राहिला तर त्या दिवशी पाय घालायचा नाही.

गाडीवरची खरी परीक्षा म्हणजे सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबणं. दोन्ही गुडघे टेकले की सॉकेटची मागची कड गुडघ्यामागच्या शिरांत रुतते आणि मिनिटभरात लक्ष छातीवरून पायावर जातं. ती कड प्रोस्थेटिस्टकडून (कृत्रिम पाय बनवणाऱ्याकडून) थोडी उतरवून घ्या. दुसरा मार्ग म्हणजे उजवा गुडघा जमिनीवर आणि कृत्रिम पाऊल समोर रोवलेलं. पण मग खांदे रुग्णाच्या छातीवर सरळ येतात का ते दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं, नाहीतर दाब तिरका पडतो. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दोन मिनिटं, मिनिटाला १००-१२० दाब, दाबाची खोली ५ ते ६ सेंटिमीटर. दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेच, अर्धा तास. हे जमेपर्यंत ड्युटी नको.

बूट बदलायचे असतील तर टाचेची उंची आधीइतकीच ठेवा. पाऊल एका ठरावीक टाचेसाठी जुळवलेलं असतं. टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि उतारावर माणूस पडतो. पायावरचं फोमचं आवरण काढून टाका, ते रक्त शोषतं आणि नीट निर्जंतुक होत नाही. लायनर (सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) रोज साध्या साबणाने धुवायचा, जास्तीचा एक पिशवीत. गाडीत चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा.

सगळ्यात अवघड म्हणजे रुग्णासकट स्ट्रेचर घेऊन जिना उतरणं. कृत्रिम घोटा खऱ्यासारखा वाकत नाही, आणि गाडीवर डॉक्टर व पायलट (चालक) असे दोघंच असले तर दुसऱ्यावर सोपवायची सोय नाही. त्यामुळे सुरुवात एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हलवणाऱ्या गाडीवर करावी असं माझं ठाम मत आहे. तिथे चाकांची ट्रॉली आणि उतार असतो.

डिस्पॅच_डेस्क
कंट्रोल रूमला दुय्यम समजू नका. १०८ चं प्रतिसाद केंद्र पुण्यात औंधला आहे. तिथे फोन घेणारे आणि गाडी पाठवणारे असतातच, शिवाय गाडीवरच्या टीमला सल्ला देणारे डॉक्टरही लागतात. ज्याने गाडीत हलत्या रुग्णाला सलाईन लावलं आहे, त्याला पलीकडचा डॉक्टर कशात अडकलाय ते दोन वाक्यांत कळतं.

फोनवर नवे लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. "शुद्धीवर आहे का?" आणि "श्वास नेहमीसारखा चाललाय का?" हे दोन प्रश्न. नातेवाईक म्हणतात, "श्वास घेतोय, घोरतोय." हृदय थांबल्यावरचे आचके घोरण्यासारखेच वाटतात. दोन्हींचं उत्तर "नाही" वाटलं की लगेच छाती दाबायला सांगायचं आणि फोनवर मोठ्याने आकडे मोजायचे. पत्ता मात्र त्याच्याही आधी: गाव, जवळचा फाटा, महामार्ग असेल तर किलोमीटरचा दगड.

बसून काम असलं तरी पायाला त्रास आहेच. तासन्‌तास गुडघा वाकलेला राहिला की आखडतो. दर तासाला पाय पूर्ण सरळ करायचा. कृत्रिम पाय उतरवून बसला तर स्टंप लोंबता ठेवू नये, खुर्चीला पुढे फळी लावून घ्यावी.

कलम_वीस
राजीनाम्यावर सही करू नका, इतर सगळं नंतर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २०(४) सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. पण हे कलम शासकीय आस्थापनांना बांधतं. भाऊ कंत्राटदाराच्या पटावर असेल तर थेट लागू होईलच असं धरू नका. खासगी आस्थापनेला कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण ठेवावं लागतं. त्या धोरणाची प्रत लेखी मागा आणि त्याच पत्रात कोणतं काम करता येईल ते नेमकं लिहा: कंट्रोल रूम, प्रशिक्षण, आंतररुग्णालय गाडी. "काहीही द्या" असं लिहिलंत तर काहीच मिळत नाही. पोच घ्या.

यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज आजच करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं तरच आरक्षणाचा लाभ मिळतो, आणि शासकीय भरतीत ते किमान ४ टक्के आहे. नकार आला, तर तो लेखी घेऊन पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार.

अपघात ड्युटीवरचा आहे, म्हणजे भरपाईचा हक्क वेगळा. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात होती का ते पगारपत्रकात बघा. रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पाच झालेत.

मीनल_क
रस्ता अपघातच आहे. उद्याच वकिलांकडे जाते. एफआयआरची प्रत आहे, आणखी काय न्यायचं?

कलम_वीस
डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणं, सगळी बिलं, मागच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं, त्या दिवसाचं ड्युटी रजिस्टर किंवा ट्रिप शीटचा फोटो. कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो, तो पुढचा खर्चही दाव्यात मागायचा. त्यासाठी प्रोस्थेटिस्टचं लेखी अंदाजपत्रक आजच घ्या.