पाणी मारलं की झालं, असं नाही

टाकीतला अणुकचरा पाण्याने पातळ करून पंपाने ओढायचा, त्याला संगणकावरचं रासायनिक मॉडेल कशाला, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत हॅनफर्डला, जिथे पूर्वी अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनायचं, तिथल्या १७७ टाक्यांतला कचरा बराचसा कॉस्टिकमध्ये, म्हणजे तीव्र अल्कलीत, आहे. पाणी घातलं की नायट्रेटचे क्षार विरघळतात खरे, पण कॉस्टिकचा जोर उतरला की विरघळलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनून साक्यासारखं खाली बसतं. आणि सोडियम फॉस्फेट थंड झालं की सुईसारखे स्फटिक धरून पाइप तुंबवतं. म्हणून पाणी किती, तापमान किती, हे आधी गणितात बघावं लागतं.

मी सोलापुरात टॉवेलच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, आहे. एका डिसेंबरात ग्लॉबर सॉल्टचं, म्हणजे सोडियम सल्फेटचं, घट्ट, गरम द्रावण रात्रभर लाइनमध्ये राहिलं, सकाळी पाइप दगडासारखा. सोडियम सल्फेटची विद्राव्यता ३२ अंशांखाली झपाट्याने घसरते, एकेक रेणू पाण्याचे दहा रेणू धरून स्फटिक होतो. आम्ही बाहेरून वाफ मारून लाइन मोकळी केली, अर्धी पाळी गेली. हॅनफर्डला तर किरणोत्सर्गी लाइनजवळ माणूस उभासुद्धा करता येत नाही.