जपानी इंजिनियरला भोसरीत नेमायचंय: 16.25 लाखांत फ्लॅटचं भाडं धरतात का?

भोसरी_प्रेसशॉप
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस पार्ट्सचं युनिट आहे, 38 माणसं. एका जपानी ग्राहकाला ब्रॅकेट देतो. त्यांच्याकडून येणाऱ्या क्वालिटी इंजिनियर बाई नागोयातली नोकरी सोडतायत आणि दोन वर्षं आमच्याकडे यायला तयार आहेत. मागच्या खेपेला त्या चार दिवस प्रेसपाशी उभ्या राहिल्या आणि बर (कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहणारी धार) नेमका कुठून येतो ते पोरांना हातात पार्ट धरून दाखवलं. तेव्हापासून रिजेक्शन निम्म्यावर आलंय. मला त्या हव्याच आहेत.

अडलंय पगारावर. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला 16.25 लाखांच्या वर पगार लागतो. मी 12 लाख देऊ शकतो, शिवाय बाणेरला फ्लॅट, करार कंपनीच्या नावावर, भाडं महिना 40,000. म्हणजे 12 अधिक 4.80, एकूण 16.80. चालेल ना? एजंट म्हणतो, 'एवढं कशाला, त्यांना दुभाषी दाखवा, दुभाष्याला ही अट नाही.' त्या ग्राहकाच्या ऑडिटला भाषांतर करतात हे खरं, पण काम क्वालिटीचंच आहे.

आणि एक मनातलं. आमच्या टूलरूमचे, म्हणजे प्रेसचे साचे (डाय) सांभाळणारे काका 22 वर्षं आहेत, त्यांना 6.60 लाख मिळतात. त्यांना काय सांगू?

तळेगाव_एचआर
दादा, दुभाषीवाला रस्ता कृपया धरू नका. सूट खरी आहे: भाषांतरकार, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, आपापल्या देशाचं जेवण करणारे आचारी यांना पगाराची अट नाही. पण व्हिसा ज्या कामाचा, तेच काम करायचं असतं. उद्या पीपीएपीच्या (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या) कागदावर क्वालिटी इंजिनियर म्हणून त्यांची सही दिसली तर? मुदतवाढीला कागद तपासले जातात, आणि अडकतात त्या, एजंट नाही. आमच्या आधीच्या कंपनीत एका परदेशी सहकाऱ्याचं असंच झालं. मुलांची शाळा मध्येच सोडून त्याला परत जावं लागलं. अजून वाईट वाटतं.

बाकी: व्हिसा जपानमधूनच घ्यायचा. टुरिस्ट व्हिसावर बोलावून इथे बदलून घेऊ म्हणाल तर होत नाही. 180 दिवसांवरचा व्हिसा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी.

आकडेमोड_सीए
तुमच्या 16.80 मध्ये चूक आहे, आणि ती करार सही व्हायच्या आधी कळली हे बरं झालं.

या अटीत दोन गोष्टी धरतात: पैशात दिलेला पगार व भत्ते, आणि ज्या सुविधा आयकरासाठी पगारात मोजल्या जातात त्या. कंपनीने भाड्याने घेऊन दिलेल्या घराची किंमत कर मोजताना भाड्याइतकी धरत नाहीत. पगाराचे 10 टक्के किंवा प्रत्यक्ष भाडं, यांत जे कमी ते (2023च्या सप्टेंबरपूर्वी 15 टक्के होते). तुमच्या हिशोबात 12 लाखांचे 10 टक्के म्हणजे 1.20 लाख. बेरीज 13.20. अर्ज परत येणार.

तेच 4.80 लाख घरभाडे भत्ता म्हणून त्यांच्या खात्यात द्या आणि भाडेकरार त्यांच्या नावावर करा. भत्ता पूर्ण धरला जातो: 16.80. तुमच्या खिशातून तेवढेच जातात. मात्र भत्त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, हे त्यांना आधी सांगा. प्रत्येक रक्कम करारात वेगळी लिहा.

तुमची माणसं 20च्या वर आहेत, म्हणजे पीएफ लागू. पीएफसाठी महिना 15,000पर्यंतचाच पगार धरायची मर्यादा परदेशी कामगाराला लागत नाही. पूर्ण 12 लाख मूळ पगार असेल तर तुमचा वाटा 1.44 लाख, आणि तो 16.25मध्ये धरायचा नाही. सीटीसीचा (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा बघून पुष्कळ जण इथेच फसतात.

तळेगाव_एचआर
अजून एक. 16.25च्या वर फक्त 55,000ची मोकळीक आहे. महिन्याला 1.40 लाख पडतात, म्हणजे बारा-तेरा दिवस बिनपगारी रजा झाली की आकडा अटीखाली. रजा पगारीच ठेवा.

भोसरी_प्रेसशॉप
दोघांचे मनापासून आभार. एजंटला नाही सांगितलं. पदनाम क्वालिटी इंजिनियरच, घरमालकाशी बोलून करार बाईंच्या नावावर करतोय. पीएफचे 1.44 मी धरलेच नव्हते, ते नव्या कंप्रेसरमधून काढतो, जुना अजून वर्षभर ओढेल.

काकांना आकडा बाहेरून कळू नये म्हणून काल टूलरूममध्ये बसून मीच सांगितला. बराच वेळ बोलले नाहीत. डायवरचं तेल पुसत राहिले. मग म्हणाले, "बाईंनी माझी डाय उघडायच्या आधी मला विचारलं होतं. बोलवा त्यांना. पण माझं दिवाळीवर ढकलू नका, शेठ."

एप्रिलपासून त्यांचे 7.80 करतोय.