अपघाताची बातमी घरच्यांपर्यंत आधी कोणी पोहोचवावी? पोलीस कुटुंबांचा अनुभव हवा आहे

वसाहतीतील एक गृहिणी

नमस्कार. माझे पती पोलीस हवालदार आहेत आणि आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस वसाहतीत राहतो. यंदा अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांचा बंदोबस्त शहराबाहेरच्या नाकाबंदीवर लागला होता. आमच्या समोरच्याच दारात राहणारे त्यांचे सहकारी त्यांच्यासोबत होते. पहाटे एक भरधाव ट्रक बॅरिकेड तोडून दोघांच्या अंगावर आला. सहकारी जागीच गेले. माझ्या पतींच्या मांडीचे हाड मोडले आणि डोक्याला मार लागला. शस्त्रक्रिया झाली असून आता ते हळूहळू सावरत आहेत.

मला विचारायचे आहे ते त्या सकाळविषयी. ठाण्यातून कोणाचाही फोन येण्याआधी वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. त्यात आडवी पडलेली मोटारसायकल आणि पांढऱ्या चादरीखाली झाकलेला देह होता, आणि खाली ‘आपल्या वसाहतीतील अंमलदार कर्तव्यावर शहीद, भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिलेले होते. नाव नव्हते. मोटारसायकल मात्र आमची होती आणि तिचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. फोन तेव्हा माझ्या सातवीतल्या मुलीच्या हातात असल्याने फोटो सर्वांत आधी तिने पाहिला.

तिची किंकाळी ऐकून समोरच्या वहिनी धावत आल्या. त्यांनी मला पाणी पाजले, मुलीला पोटाशी धरले, माझ्या दिराला फोन लावून दिला. गाडी आमची म्हणजे गेलेला माणूसही आमचाच, असे वसाहतीत सर्वांनी धरून चालले होते आणि आपले यजमान तिथली व्यवस्था बघण्यात गुंतले असतील, म्हणून फोन उचलत नाहीत, अशी वहिनींनी स्वतःची समजूत घातली होती. बऱ्याच वेळाने ठाण्याचे दोघे जण जिना चढून वर आले आणि माझ्या दाराशी न थांबता त्यांच्या दाराकडे वळले, तेव्हा वहिनी माझ्याच घरात माझा हात धरून बसलेल्या होत्या.

अशी बातमी घरी पोहोचवण्याची काही रीत पोलीस दलात आहे का, आणि ती नसेल किंवा पाळली जात नसेल, तर वसाहतीतील आम्ही बायकांनी आपसांत काय ठरवून ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त सहायक उपनिरीक्षक

ताई, तुमच्या यजमानांना लवकर आराम पडो आणि त्या भगिनीला हे दुःख सोसण्याचे बळ मिळो.

रीत आहे, पण ती कागदापेक्षा माणसांवर अधिक अवलंबून असते. घटना घडली की पहिली खबर नियंत्रण कक्षाकडे आणि ठाणे अंमलदाराकडे येते, स्टेशन डायरीला नोंद होते आणि प्रभारी अधिकारी घटनास्थळी निघतात. त्या वेळी कोण गेले हे ठरवण्याचा खरा आधार म्हणजे बक्कल नंबर, म्हणजे प्रत्येक अंमलदाराचा स्वतःचा क्रमांक, छातीवरची नावाची पट्टी, ओळखपत्र आणि त्या माणसाला रोज पाहणाऱ्या सहकाऱ्याने प्रत्यक्ष पटवलेली ओळख. बंदोबस्तावर एकाची गाडी दुसरा घेऊन जातो, एकाचा पॉइंट ऐन वेळी दुसऱ्याला मिळतो, रेनकोट आणि हेल्मेटही अदलाबदल होतात. म्हणून गाडीच्या क्रमांकावरून किंवा ड्यूटीच्या यादीवरून नाव जाहीर करणे हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळख पक्की झाल्यावर घरी कोण जाणार, हे प्रभारी अधिकाऱ्याने स्वतः ठरवावे. ज्याने त्या घरी कधी तरी जेवण केले आहे असा एक सहकारी, एक महिला अंमलदार आणि शक्य असल्यास स्वतः अधिकारी, एवढ्यांनी जावे. फोनवरून कळवू नये, दारात उभ्यानेही सांगू नये. आत जाऊन, घरातल्या वडीलधाऱ्याला किंवा शेजाऱ्याला जवळ बसवून, ‘ते गेले’ असे त्याच शब्दांत सांगावे. ‘जरा सीरियस आहेत, दवाखान्यात चला’ असे सांगून गाडीत बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती दयेपोटीच पडली आहे. परंतु तासाभराच्या त्या प्रवासात ती बाई देवाला नवस बोलत असते, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला खरे काय ते ठाऊक असते. हे मी गाडीत समोर बसून पाहिले आहे, म्हणून त्या पद्धतीला माझा विरोध आहे.

गडचिरोलीची लेक

माझे वडील गडचिरोली जिल्हा पोलीस दलात होते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे नक्षलवाद्यांनी भूसुरुंग स्फोट घडवला आणि शीघ्र कृती दलाचे १५ जवान व वाहनाचा चालक असे १६ जण गेले. आकडा दूरचित्रवाणीवर लगेच दिसला, पण नावे यायला वेळ लागला. ज्या घरांतली माणसे त्या बाजूला होती, त्या सगळ्या घरांनी तो वेळ कसा काढला असेल, हे तुम्ही आता कोणापेक्षाही जास्त जाणता. वडील दुसऱ्या ठिकाणी होते, पण ते आम्हाला रात्री कळले, कारण आतल्या पोलीस मदत केंद्रांत मोबाईलला रेंज मिळेलच याची खात्री नसे.

माझ्या आईने त्या दिवशी दूरचित्रवाणी बंद केली आणि एक फोन पूर्ण मोकळा ठेवला. बाकीच्यांनी तिला दुसऱ्या फोनवर विचारायचे, त्या फोनवर फक्त ठाण्याचा किंवा बाबांचा आवाज यायचा. आमच्या लाईनीत पुढे हाच नियम झाला. घटना कळली की ग्रुपवर कोणी काही लिहायचे नाही, फोटो टाकायचा नाही, आणि थोरल्या दोन बायकांनी ठाण्यात चौकशी करून यायचे. लहान मुलांना तोवर एका घरी एकत्र बसवायचे. तुमच्या मुलीशी त्या फोटोविषयी मोकळेपणाने बोला; ‘विसरून जा’ म्हणू नका. मला तसे म्हणत असत आणि त्यामुळे मी वर्षानुवर्षे कोणाला काही विचारूच शकले नाही.

जिल्हा वार्ताहर

आमच्या व्यवसायाकडूनही हा अन्याय होतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी कारवाईचे जे थेट प्रक्षेपण झाले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कठोर ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंधन आले. परंतु नाकाबंदीवरचा अपघात त्या नियमात बसत नाही आणि वसाहतीचा ग्रुप तर कोणत्याच संपादकाच्या हाताखाली नाही. मी स्वतः घरच्यांना कळवल्याची खात्री झाल्याशिवाय नाव देत नाही. तुम्ही ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करून घ्या आणि ॲडमिन सेवेत असलेल्या जबाबदार व्यक्तीला करा.

वसाहतीतील एक गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. मोकळ्या फोनचा नियम आम्ही लगेच सुरू करणार आहोत आणि घरी कोणी यावे, याविषयी काकांनी जे लिहिले आहे ते आम्ही सगळ्या मिळून साहेबांना लेखी देणार आहोत. वहिनी अजून कोणाशी फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कागदपत्रांसाठी मीच कार्यालयात जाते. मुलगा दहावीत आहे. कोणते काम आधी करावे?

माजी वरिष्ठ लिपिक

ताई, मुदत असलेली कामे आधी करा. ट्रकचालक आणि मालक निष्पन्न झाले असतील, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील अर्जासाठी सुधारित कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्यामुळे प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रमाणित प्रती आत्ताच मागून घ्या. हा दावा सरकारी लाभांपेक्षा वेगळा आहे, आणि तुमच्या यजमानांनाही जखमी म्हणून स्वतंत्रपणे करता येईल. त्यानंतर पगार जमा होणाऱ्या बँकेत जाऊन त्या खात्यावर अपघात विमा आहे का, हे लेखी विचारा. दावा उशिरा आला, एवढ्याच कारणावरून ही रक्कम अनेकदा अडते.

कार्यालयात पहिल्यांदा सेवापुस्तकातील नामनिर्देशन, म्हणजे पश्चात रक्कम कोणाला द्यायची याची नोंद, पाहायला सांगा. लग्नाआधीचे नामनिर्देशन आईच्या नावे तसेच राहिलेले असते आणि त्यावरून सासू-सुनेत वितुष्ट आलेले मी पाहिले आहे. तसे असेल, तर दोघींना एकत्र बसवून समजावून द्या. गट विमा, उपदान (ग्रॅच्युइटी), शिल्लक रजेचे रोखीकरण आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांची प्रकरणे एकाच वेळी चालू होतात. गेलेले अंमलदार १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आले असतील, तर २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय लेखी द्यावा लागतो, तो विसरू नका.

अनुकंपा नियुक्ती, म्हणजे गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळणारी नोकरी, गट क किंवा गट ड मध्ये एकाच वारसाला मिळते आणि कमाल वय ४५ वर्षे आहे. वहिनींनी स्वतः अर्ज करावा की मुलगा सज्ञान होण्याची वाट पाहावी, हा निर्णय त्यांचा त्यांनाच घेऊ द्या. नातेवाईक याच ठिकाणी सर्वाधिक दबाव आणतात. स्वतः करायचा असेल, तर अर्जाची सध्याची मुदत कार्यालयात विचारून अर्ज लवकर द्या आणि त्याची पोच घ्या. आणि त्यांना कोऱ्या कागदावर सही करायला कोणी सांगितले, तो कितीही जवळचा असला, तरी तुम्ही तिथेच थांबवा.