मदत हवी आहे: दादाच्या स्मृतिदिनी अंतराळ स्थानकाची रेघ टिपायची आहे

दादाच्या आठवणीसाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा एक फोटो हवा आहे. आकाशातून सरकणारा त्याचा ठिपका फोटोत उजेडाची रेघ होऊन उमटतो, तीच टिपायची आहे. 17 जुलै 1975 ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ या यानांची अंतराळात गाठ पडली, शीतयुद्धातल्या दोन देशांनी हात मिळवले. आज स्थानकात रशियन आणि अमेरिकन एकत्र राहतात. दादाच्या नावाने शांततेची हीच खूण घरात लावायची आहे.

जागा रामटेकजवळ खिंडसी तलावाचा काठ. तिथून नागपूरचा उजेड नैऋत्येला पडतो, म्हणून स्थानकाची वायव्येकडून आग्नेयेला जाणारी फेरीच घेणार. ती फार तर सहा-सात मिनिटं दिसते. बरेचदा स्थानक मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं, तेव्हा रेघ अर्धीच येते. स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलतात, त्यामुळे आधी काढलेली फेरीची वेळ चुकते. आदल्या दिवशी ती पुन्हा बघणार.

सेटिंग: ट्रायपॉड, एफ 4, आयएसओ 400, दहा सेकंदांचे सलग फोटो, मध्ये एकच सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन (लांब फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकतो आणि रेघ तुटते. फोकस ठळक ताऱ्यावर हाताने करून रिंगला चिकटपट्टी.

अडचण अशी की 18 मिमी लेन्समध्ये अख्खी रेघ मावत नाही. कुणाकडे 8 मिमी फिशआय (जवळजवळ अख्खं आकाश टिपणारी लेन्स) एका संध्याकाळपुरती मिळेल का? आणि वायव्येला झाडं आड न येणारी काठावरची जागा कोणती? पाण्याजवळ लेन्सवर दव धरतं, त्यावर कुणी काय वापरता तेही सांगा.