मदत हवी आहे: शूबिल बघायला युगांडा की झांबिया?

नमस्कार मंडळी,
पुढच्या वर्षी शूबिल हा पक्षी बघायला जायचं नक्की आहे, पण कुठे यावर घोडं अडलंय. युगांडातली माबाम्बा ही दलदल एन्टेबी शहरापासून जवळ. लाकडी होडीतून पपायरसच्या (उंच पाणगवताच्या) दलदलीत शिरायचं. झांबियातली बांगवेउलूची दलदल अफाट, पण पोचायला अवघड.

साधारण सव्वा मीटर उंचीचा हा पक्षी, खडावेसारखी चोच घेऊन तासन् तास जागचा हलत नाही. लंगफिश (हवेत श्वास घेणारा मासा) श्वास घ्यायला पाण्यावर आला की मात्र अख्खं अंग पुढे झोकून देतो. मला ती झडपच बघायचीय. पुतळ्यासारखे उभे फोटो नेटवर ढीगभर आहेत!

अंडी बहुधा दोन, जगतं सहसा एकच पिल्लू. उन्हात आईबाप चोचीतून पाणी आणून घरट्यावर ओततात. त्यामुळे फोटोसाठी घरट्याला होडी भिडवणारा गाईड नको.

कुणी जाऊन आलंय का? माबाम्बात होडी पहाटेच काढावी का? बांगवेउलूसाठी पाणी ओसरतानाचे मे ते जुलै हे महिने बरे ना? आणि हलत्या होडीत ४०० मिमी लेन्स हातात धरून जमतं का? यलो फिव्हरच्या लशीचं माहीत आहे, ते सोडून सांगा.